मार्चमध्ये शिंगं वेचायला जाऊ का? कोलोरॅडोच्या डोंगरातल्या एल्क-हरणांबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीनिमित्त डेन्व्हरला आलेल्या एका मराठी कुटुंबाला येत्या मार्चमध्ये शनिवार-रविवार धरून पश्चिमेच्या डोंगरात जायचंय, एल्क (सांबरासारखं मोठं हरीण) आणि म्यूल डिअर (त्याहून लहान जातीचं हरीण) यांची गळून पडलेली शिंगं वेचायला. सोबत लॅब्रेडोर आहे. परवाना लागतो का, शिंगं सापडतात कुठे, कुत्र्याला सापळ्यांचा धोका किती, पुढेमागे शिकारीला जायचं तर एच-वन-बी व्हिसावर बंदूक बाळगता येते का, आणि एखादी जोडी नागपूरच्या घरी दिवाणखान्यात लावायला नेता येईल का?

आधी महिन्याचं बोलू, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. मार्चमध्ये जाऊ नका. कायद्याने परवानगी नाहीच, पण कायदा नसता तरी मी नकोच म्हणालो असतो. आय-२५ महामार्ग फोर्ट कॉलिन्स, डेन्व्हर, कोलोरॅडो स्प्रिंग्ज, प्वेब्लो असा कोलोरॅडोला उभा छेदत जातो. २०१८ पासून त्याच्या पश्चिमेकडच्या सगळ्या सार्वजनिक जमिनीवर १ जानेवारी ते ३० एप्रिल शिंगं गोळा करायला बंदी आहे. पश्चिमेला म्हणजे झाडून सगळे डोंगर आले. आणि 'गोळा करणं' याचा अर्थ इथे फक्त उचलून गाडीत टाकणं नाही. शोधत फिरणं, जागा हेरून ठेवणं, झुडपात ढीग लपवून १ मेला न्यायला येणं, हे सगळं त्यात धरलेलं आहे. ही युक्ती तुमच्या आधी पुष्कळांना सुचली होती, म्हणूनच नियमात तसं लिहिलं गेलं.

गनिसनच्या खोऱ्यात त्यापुढेही, १ ते १५ मे या काळात, सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी सकाळी १० पर्यंत बंदी असते. तिथे गनिसन सेज-ग्राउझ नावाचा पक्षी पहाटे ठरावीक माळांवर नाचायला जमतो आणि त्या नाचावरच नर-मादीची जोडी ठरते. २०१४ पासून तो केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत आहे. पहाटे माळावरून माणूस चालत गेला की तो कार्यक्रम तिथेच मोडतो.

आता बंदी का, ते नीट सांगतो. हरीणकुळातल्या नरांची शिंगं भरीव हाडाची असतात आणि दर वर्षी गळतात. गायी-बकऱ्यांची किंवा आपल्या काळविटाची तशी नसतात, ती जन्मभराची. सप्टेंबरातला माज ओसरला की एल्कच्या नराच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन उतरत जातं. ते एका पातळीखाली आलं की कवटीवरच्या खुंटाशी असलेल्या पेशी शिंगाच्या बुडाचं हाड आतून पोखरू लागतात, आणि एक दिवस मानेच्या साध्या झटक्याने शिंग खाली येतं. मूस या सगळ्यात मोठ्या हरणाची डिसेंबर-जानेवारीत गळतात, म्यूल डिअरची साधारण जानेवारी ते मार्च, मोठ्या एल्कची मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे मार्च निवडण्यामागचा तुमचा हिशेब चुकीचा नाही. त्या सुमाराला शिंगं ताजी, गडद तपकिरी, ऊन न खाल्लेली मिळतात. गोची अशी की शिंगं गळायचा काळ आणि जनावर सगळ्यात खंगलेलं असायचा काळ एकच आहे.

म्यूल डिअर हिवाळा काढतं ते शरदात साठवलेल्या चरबीवर. सेजब्रश, बिटरब्रश असली काटक झुडपं चघळून पोट भरतं, पण त्यातली ऊर्जा खर्चाला पुरत नाही. महिन्यामागून महिने वजन उतरत राहतं. एप्रिल उजाडेपर्यंत पाचवा हिस्सा गेलेला असणं ही नेहमीची गोष्ट आहे. मादीच्या पोटात जूनमध्ये जन्मणारं पाडस असतं आणि त्याची झपाट्याने वाढ होण्याचे हेच महिने. अशात माणूस किंवा कुत्रा बघून कळप उधळला आणि गुडघाभर बर्फातून चढ चढून पलीकडच्या धारेवर गेला, तर त्या दिवशी काहीच घडल्यासारखं दिसत नाही. जनावर पुढे आठ-पंधरा दिवसांनी कुठल्यातरी घळीत बसतं ते उठत नाही. पळवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो, आणि म्हणूनच 'आम्ही तर लांबूनच बघत होतो' हे वाक्य मी फारसं मनावर घेत नाही.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. वायोमिंगच्या नैऋत्येकडे 'वायोमिंग रेंज' नावाचा म्यूल डिअरचा प्रसिद्ध कळप आहे. त्यातल्या रेडिओ कॉलर लावलेल्या प्रौढ माद्यांपैकी सुमारे ७० टक्के त्या हिवाळ्यात गेल्या. कॉलर लावलेली पाडसं तर जवळजवळ सगळीच. आमच्याकडे कोलोरॅडोत वायव्येला क्रेग आणि मीकरच्या बाजूलाही कळप असेच झडले आणि पुढच्या हंगामात शिकारीचे परवाने मोठ्या प्रमाणात कापावे लागले. युटाने तर त्या वर्षी फेब्रुवारीतच सबंध राज्यात १ मेपर्यंत शिंगं वेचणं बंद केलं. मला विचाराल तर एप्रिलअखेरची मुदतही कमीच आहे. मोंटानाची बरीच वन्यजीव क्षेत्रं १५ मेच्या दुपारी १२ वाजता उघडतात, ते मला जास्त पटतं. यावर इथल्या मित्रांशी माझे दर वर्षी वाद होतात. तोवर दुसरं कुणीतरी चोरून उचलून नेईल, असं ते म्हणतात. नेईल की. नेऊ दे.

तर तुमचा बेत मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यावर टाका. कोलोरॅडोत शिंगं वेचायला वेगळा परवाना लागत नाही. मार्चमध्येच घराबाहेर पडायचं असेल तर आय-२५ च्या पूर्वेला ही बंदी नाही. तिकडे साउथ प्लॅटच्या काठाने व्हाइटटेल हरणं आहेत, पण जमीन बहुतेक शेतकऱ्यांची. दार वाजवून परवानगी मागा. नाही म्हणाले तर आभार मानून परत या.

आता शोधायचं कसं. पायवाट शोधू नका, एल्कने हिवाळा कुठे काढला ते शोधा. दक्षिण आणि नैऋत्येकडे तोंड असलेल्या उतारांवरचा बर्फ आधी वितळतो, गवत उघडं पडतं, तिथे जनावर चरतं. पण इथेच नवे लोक फसतात. खालच्या कुरणात लेंड्यांचा सडा आणि खुरांचा चिखल दिसला की त्यांना वाटतं, घबाड मिळालं. तो बहुधा माद्या आणि वासरांचा कळप असतो आणि एल्कच्या मादीला शिंगं नसतात. मोठे नर दोन-चार-पाचच्या टोळीने वेगळे राहतात, माद्यांच्या बरेच वर, वाऱ्याने बर्फ उडवून उघड्या पाडलेल्या धारांवर आणि त्यांच्या लगतच्या झाडीत. माणसाला चढायचा कंटाळा येतो अशाच जागा त्या असतात. ॲस्पेनच्या खोडांवर माणसाच्या छातीच्या उंचीला काळे खरबरीत वण दिसले तर समजा की एल्क इथे हिवाळ्यात साली खातात. त्याच्या वरच्या अंगाला एखादी सपाट पायरी असेल, जुनिपरखाली लांबट खोलगट बैठका असतील, तर चरायची जागा आणि बसायची जागा या दोन्ही तुम्हाला मिळाल्या. त्यांच्या मधल्या पट्ट्यात निवांत फिरा. कुंपणावरून उडी मारताना धक्क्याने शिंग पडतं, म्हणून कुंपणं धरून चाला, असं सगळे सांगतात. पडतं कधीतरी, पण माझ्या मते या गोष्टीला जरा जास्तच भाव दिला जातो.

पायांपेक्षा डोळ्यांना आधी कामाला लावा. १० बाय ४२ ची दुर्बीण तिवईवर लावून समोरचा उतार बसून विंचरा. ढगाळ दिवस उत्तम, पाऊस पडून गेल्यावरचा तास त्याहून उत्तम, कारण ओलं तपकिरी शिंग चकाकतं आणि वाळलेलं गवत चकाकत नाही. अख्खं शिंग दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. सेजब्रशमधून दिसतं ते एखादं घासून पांढरं झालेलं टोक, नाहीतर गुळगुळीत बाक. वाळक्या फांद्यांना कोन असतात, गाठी असतात. शिंगाला ओघ असतो. हा फरक सांगून कळत नाही, पहिलं शिंग सापडल्यावर डोळा आपोआप बसतो. चालताना उताराला आडवं चाला, एकमेकांत पंधरा-वीस पावलांचं अंतर ठेवा, आणि मधूनमधून वळून मागे बघा. वरून येताना झुडपाआड गेलेलं शिंग खालून उघडं दिसतं. एक सापडलं की तिथे टोपी ठेवा किंवा फोनवर खूण करा आणि गोल गोल बाहेर सरकत जोडीचं शोधा. दोन्ही शिंगं काही मिनिटांच्या अंतराने पडतात तशी काही दिवसांच्याही, त्यामुळे दुसरं पुढच्या दरीत असू शकतं.

हातात आल्यावर ते जरा बघा. थेट पिशवीत टाकू नका. प्रौढ एल्कचं एका बाजूचं शिंग साडेतीन-चार किलोचं सहज भरतं, कधी त्याहून जास्त. बूड उलटं करून पाहिलंत तर कवटीपासून सुटलेला भाग फोडलेल्या गुळाच्या ढेपेसारखा खरखरीत, दाणेदार लागेल. ताजं असेल तर कडेला वाळलेल्या रक्ताची तपकिरी रेघ असते. त्याच्या वर गाठींचं कडं, आणि तिथून शिंगभर वर जाणारे उभे चर. उन्हाळ्यात शिंग मऊ लवदार कातडीखाली वाढत असतं तेव्हाच्या रक्तवाहिन्यांच्या या वाटा. वाढीच्या ऐन भरात ते दिवसाला अडीच सेंटिमीटरपर्यंत वाढतं, आणि हे सगळं हाड दर वर्षी नव्याने. एवढं कॅल्शियम नुसत्या चाऱ्यातून भागत नाही. जनावर स्वतःच्या बरगड्यांतून उसनं घेतं. ऑगस्टमध्ये कातडी सुकली की नर शिंगं झाडांवर घासतो. तपकिरी रंग येतो तो त्या सालीच्या रसाने आणि रक्ताने, आणि टोकं घासून पांढरी होतात.

शिंग किती जुनं ते उलटवून कळतं. वरची बाजू पांढुरकी आणि जमिनीकडची अजून तपकिरी असेल तर ते एखाददुसरा उन्हाळा पडून आहे. दोन्हीकडे पांढरं, केसासारख्या चिरा पडलेलं असेल तर त्याहून जुनं. बोटाला खडूसारखी भुकटी लागली तर ते ठेवून द्या. त्यावर दोन-दोन दातांच्या समांतर खाचा दिसतील. खारी, उंदीर, साळिंदरं कॅल्शियम आणि फॉस्फरससाठी ती कुरतडतात. तुमच्या भिंतीपेक्षा त्यांना त्याची गरज जास्त आहे.

जमिनीचा प्रश्न या सगळ्यापेक्षा किचकट आहे. फॉरेस्ट सर्व्हिस आणि ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या खात्यांच्या जमिनींवर हंगामात जाता येतं. राज्याची 'ट्रस्ट' जमीन नकाशात सरकारी दिसते, पण वन्यजीव खात्याने भाड्याने घेतलेली नसेल तर ती लोकांसाठी खुली नसते. 'स्टेट वाइल्डलाइफ एरिया'त पाय ठेवायला शिकारीचा किंवा मासेमारीचा परवाना, नाहीतर तिथला पास लागतो. रॉकी माउंटन, मेसा व्हर्दे वगैरे राष्ट्रीय उद्यानांतून शिंगच काय, पाइनचं बोंडही आणायचं नाही. नैऋत्येला सदर्न यूट आणि यूट माउंटन यूट या आदिवासी राष्ट्रांच्या जमिनी आहेत. तिथे त्यांचा कायदा. मालकी दाखवणारं ॲप फोनमध्ये घ्या आणि निघण्यापूर्वी नकाशा उतरवून ठेवा, कारण दरीत रेंज नसते. बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकोनांत वाटलेल्या जमिनीवर सरकारी चौकोनाच्या कोपऱ्यावरून पलीकडच्या सरकारी चौकोनात पाऊल टाकणं ही घुसखोरी आहे का, यावर वर्षानुवर्षं भांडण होतं. वायोमिंगच्या एल्क माउंटनवरच्या खटल्यात २०२५ साली दहाव्या सर्किट न्यायालयाने (केंद्रीय अपील न्यायालयाने) शिकाऱ्यांच्या बाजूने कौल दिला, आणि कोलोरॅडो त्याच न्यायालयाच्या हद्दीत येतं. तरी नवख्याने कोपरा ओलांडायच्या भानगडीत पडू नये. फोनचा जीपीएस काही मीटर चुकतो आणि तेवढ्यात तुम्ही एखाद्याच्या रानात असता.

कवटीसकट पडलेली शिंगं दिसली तर हात लावू नका. ती गळलेली नाहीत. तिथे जनावर मेलंय. चोरटी शिकार असू शकते, आजारही असू शकतो. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा मेंदू पोखरणारा रोग पहिल्यांदा नोंदला गेला तो १९६७ साली इथेच, फोर्ट कॉलिन्सच्या पाळीव म्यूल डिअरमध्ये. त्याचं कारण असलेली प्रथिनं मातीत वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून कवटी, मेंदू, मणके एका राज्यातून दुसऱ्यात नेण्यावर कडक नियम आहेत. फोटो काढा, जागेची खूण करा, वन्यजीव खात्याच्या स्थानिक कार्यालयात फोन करा. बिगहॉर्न मेंढ्याची शिंगं गळतच नाहीत, त्यामुळे ती दिसली की प्रकरण नेहमी याच वर्गातलं.

गोचिड्यांबद्दल दोनच शब्द: मे हा त्यांचा महिना. पँट मोज्यात खोचा, रात्री अंग तपासा, कुत्र्याच्या कानामागे बघा. इथल्या गोचिड्यांतून कोलोरॅडो टिक फीव्हर आणि रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर होतात. आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरला डोंगरात गेल्याचं आधी सांगा.

कुत्रा आणि सापळे. कोलोरॅडोत १९९६ साली जनमताने राज्यघटनेत दुरुस्ती होऊन पाय धरणारे सापळे, अंग आवळणारे सापळे आणि फास यांवर बंदी आली. शेतकऱ्यांसाठी थोडे अपवाद आहेत, पण सार्वजनिक जमिनीवर तुमच्या कुत्र्याला धोका कमी. उत्तरेला सरहद्द ओलांडून वायोमिंगमध्ये गेलात की चित्र पालटतं. तिथे कोयोटी (कोल्ह्या-लांडग्यांच्या कुळातलं जनावर) 'उपद्रवी' गणला जातो, त्याला वर्षभर मारता-पकडता येतं, आणि सेजब्रशमधल्या वाटेवर फास मे महिन्यातही लावलेला असू शकतो. सापळे लावणारी माणसं मला परकी नाहीत. त्यातले बहुतेक कायद्याने चालणारे, जनावरांची उत्तम जाण असलेले. पण फासाला कोयोटी आणि लॅब्रेडोर यांतला फरक कळत नाही.

म्हणून सोडवायचं कसं ते घरी शिकून जा. फासात अडकलेला कुत्रा ओढ घेतो आणि फास आणखी आवळतो. आधी त्याच्या जवळ बसून दोरी सैल होईल असं त्याला सापळ्याच्या खुंटीकडे सरकवा, मग कुलपाची पत्री तारेवरून मागे सरकवून बघा. नाही सरकली तर तार कापा. घरातली पक्कड त्या पीळदार पोलादी तारेवर चालत नाही, केबल कटरच लागतो. खिशात मावेल एवढा मिळतो. पाय धरणाऱ्या सापळ्याला दोन्ही बाजूंना पट्ट्या असतात. सापळा जमिनीवर सपाट ठेवून दोन्ही पायांनी त्या एकाच वेळी दाबल्या की जबडा सैल पडतो. आधी कुत्र्याच्या तोंडावर जाकीट गुंडाळा, कारण वेदनेत तो तुम्हालाच चावेल. सगळ्यात घातक तो अंगाभोवती मिटणारा चौकोनी सापळा. मान सापडली तर हाताशी काही मिनिटंच असतात, आणि त्याच्या स्प्रिंगा नुसत्या हातांनी दाबणं बहुतेकांना जमत नाही. कुत्र्याचा पट्टा एका स्प्रिंगच्या दोन्ही कड्यांतून ओवून परत पहिल्या कड्यातून घ्या, एका टोकाच्या फासात पाय घालून जमिनीवर दाबा, दुसरं टोक दोन्ही हातांनी वर ओढा. कडी जवळ आली की स्प्रिंगवरचा आकडा अडकवा. मग दुसऱ्या बाजूची स्प्रिंग. यूट्यूबवर बघून भागत नाही. सापळ्याच्या सामानाच्या दुकानातून एक जुना घेऊन अंगणात सराव करा. आणि रिकामा सापळा दिसला म्हणून मोडून फेकू नका, कायदेशीर सापळ्याशी छेडछाड करणं गुन्हा आहे. साधा उपाय म्हणजे पट्टा सोडू नका. सुटा कुत्रा हरणांमागे लागला तर तोही गुन्हा होतो आणि मेमध्येही एल्कच्या माद्या वासराच्या तोंडावर आलेल्या असतात.

विकण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण डोंगरात भेटणाऱ्यांतले निम्मे त्यासाठीच आलेले असतात. ताज्या तपकिरी एल्क-शिंगाला अलीकडे पौंडाला १५ डॉलरच्या मागेपुढे भाव मिळतो, म्हणजे चार किलोच्या एका शिंगाचे सव्वाशे-दीडशे. बराचसा माल कापून कुत्र्यांना चघळायला विकला जातो, थोडा झुंबरं आणि सुऱ्यांच्या मुठींना. वायोमिंगमधल्या जॅक्सनला गेलात तर चौकाच्या चारही कोपऱ्यांवर शिंगांच्या कमानी दिसतील. पहिली १९५३ ची. गावाला लागून १९१२ साली स्थापन झालेला नॅशनल एल्क रेफ्यूज हे एल्कचं अभयारण्य आहे. तिथे सामान्य माणसाला शिंग उचलता येत नाही. स्काउटची मुलं ती गोळा करतात आणि मे महिन्यात चौकात लिलाव होतो. १९६८ पासून चाललेल्या या लिलावातले ७५ टक्के पैसे रेफ्यूजच्या कामाला जातात. शिंगांचा व्यवहार असावा तर असा. याच्या उलट १ मेच्या पहाटे त्याच गावाबाहेर गाड्यांची रांग लागते आणि सरकारी जंगलाकडचं फाटक उघडलं की घोडे, माणसं धावत सुटतात, तो प्रकार मला बघवत नाही. २०२४ पासून वायोमिंगने बाहेरच्यांना एक आठवडा उशिरा, ८ मेपासून प्रवेश ठेवलाय आणि वर २१.५० डॉलरचा स्टँप घ्यावा लागतो. कोलोरॅडोचे म्हणून तुम्हीही बाहेरचेच. तुम्ही एच-वन-बीवर आहात, तेव्हा नियमित विक्री हे परवान्याबाहेरचं काम ठरू शकतं. एखादं शिंग मित्राला द्या, धंदा करू नका.

बंदूक. केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर आलेल्याला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला मनाई आहे, पण ज्याच्याकडे चालू शिकार-परवाना आहे तो या मनाईतून सुटतो. म्हणजे आधी परवाना, मग बंदूक. परवान्याची मुदत संपली आणि बंदूक घरात राहिली तर तुम्ही अडचणीत. कुठल्याही राज्याचा परवाना चालतो का, मुदत कुठल्या तारखेला संपते, हे वकिलाकडून लेखी घ्या. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. शिकारीला जाणार नसलात तरी तो कोर्स कराच. वाऱ्याची दिशा, जनावराच्या हालचाली, नकाशा आणि बंदुकीपासून जीव कसा राखायचा, हे त्यात नीट शिकवतात.

राहिलं नागपूर. नेऊ नका. उत्तर अमेरिकेचा एल्क सायटिसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) यादीत नाही, आणि अमेरिकेतून बाहेर काढताना फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसचा ३-१७७ क्रमांकाचा फॉर्म भरला की इकडची बाजू सुटते. पण भारतात वन्यप्राण्यांच्या अवयवांची आयात सहज होत नाही. त्यात काश्मीरचा हंगुल हा एल्कचा जवळचा नातलग, शिंगं तशाच ठेवणीची. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला हे हंगुलचंही नाही आणि सांबराचंही नाही हे पटवून देत तुम्ही उभे राहणार. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिंग 'ट्रॉफी'च्या व्याख्येत येतं. तिकडच्या जंगलात सांबराचं किंवा चितळाचं शिंग आपोआप गळून पडलेलं असलं तरी ते उचलून घरी नेता येत नाही. माझं लहानपण मेळघाटाच्या पायथ्याशी परतवाड्याला गेलं. तिथे घरोघरी साबरशिंगाचा तुकडा असायचा. छातीत कफ झाला की सहाणेवर उगाळून लेप लावायचे. आज तोच तुकडा कागदाशिवाय जवळ असला तर तो कायद्याचा भंग आहे. घरातल्या जुन्या ट्रॉफी जाहीर करायला २००३ साली १८० दिवसांची मुदत दिली होती, ती केव्हाच संपली. तेव्हा नागपूरच्या घरी आजोबांच्या काळातलं सांबराचं डोकं टांगलेलं असेल, तर यंदाच्या सुट्टीत त्याचा मालकी दाखला कपाटात आहे का ते बघून घ्या. नसेल तर ते विकायच्या, कुणाला द्यायच्या किंवा दुसऱ्या घरी हलवायच्या आधी वकिलाला सोबत घेऊन वनखात्याकडे जा.